सातचा, नऊचा की साडेदहाचा: बडोद्यातल्या एका टर्बो रोटरीच्या प्लगांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी बडोद्याची. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. नाव देत नाही. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तसंच लिहितो. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, टाक्यांच्या प्लेटांपलीकडे, तीन वर्षं खपून त्यांनी ट्रॅकची एक गाडी उभी केली. ती रस्त्यावर चालत नाही. ट्रेलरवर चढून डायनोला, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, किंवा ट्रॅकला जाते, एरवी आवारात पुढे-मागे होते.

इंजिन माझदाचं १३बी-आरईडब्ल्यू, रोटरी जातीचं: पिस्टनऐवजी हाउसिंगमध्ये तिकोनी रोटर फिरतो, आणि त्याच्या तीन बाजू व हाउसिंगची भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या होतात. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १,३०८. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये हेच इंजिन २००२ पर्यंत यायचं. मुळात त्यावर पाळीपाळीने कामाला लागणारे दोन लहान टर्बो असतात. काकांनी ते उतरवून एकच मोठा टर्बो बसवला, इंजेक्टर मोठे केले, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बदलला. मूळ बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब, ०.७ बारच्या आसपास, काकांना १.१ हवा होता. ईसीयूचं ट्यूनिंग माझ्याकडे. हाताचं काम मिस्त्रींकडे. ते गुजराती, पण मराठी आमच्याइतकंच घरचं, आणि चाळीस वर्षं पिस्टनची इंजिनं उघडलेला माणूस.

इग्निशनला मात्र कुणी हात लावला नव्हता. ठिणगीसाठी व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइल मूळच्या, प्लगच्या वायरी इंजिनाबरोबर आलेल्याच. त्या वेळी तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि हे प्रकरण लिहायला बसलो त्याचं कारण तेच आहे.

रोटरीच्या प्लगचं वेगळेपण आधी सांगतो, नाहीतर पुढचं उलगडणार नाही. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, तो आधी पेटतो. वरचा ट्रेलिंग, काही अंश मागून. रोटर आणि हाउसिंगमधली जागा लांबट, चपटी असते, एका टोकाला लावलेली आग दुसरीकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन. १९९१ ची ल माँ शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बीच्या चार रोटरच्या इंजिनात तर दर रोटरला तीन प्लग होते.

चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात प्लग शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा जाळ सोसतो, आणि मध्ये ताजं थंड मिश्रण त्याच्या अंगावरून जातं. रोटरीत प्रत्येक फेरीला जाळ. शिवाय थंड मिश्रण हाउसिंगच्या दुसऱ्याच बाजूने आत येतं, प्लगच्या बाजूला कायम भट्टी. त्यामुळे इथे 'थंड' प्लग लागतो, म्हणजे टोकाची उष्णता चटकन हाउसिंगमध्ये सोडून देणारा. एनजीके या प्लगच्या कंपनीच्या मोजणीत आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशचे आकडे उलटे चालतात, त्यामुळे कंपनी बदलताना नुसता आकडा बघू नये. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरची काजळी जळून जाते. साडेआठशेच्या पुढे गेलं की टोक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. प्लग निवडायचा तो या दोन आकड्यांच्या मध्ये राहणारा.

माझदाने या इंजिनाला लीडिंगला सातचा आणि ट्रेलिंगला नऊचा प्लग दिला आहे. ट्रेलिंगचं भोकही लीडिंगपेक्षा बारीक. रोटरच्या टोकाचा सील त्यावरून सरकतो तेव्हा सीलच्या दोन बाजूंच्या दाबात मोठा फरक असतो. भोक मोठं असतं तर एका खोलीतला वायू त्यातून दुसऱ्या खोलीत निसटला असता.

अडचण

फेब्रुवारीत पहिली डायनोफेरी झाली, अहमदाबादला. सात आणि नऊचे मूळ जातीचेच प्लग लावले होते. ०.७ बारपर्यंत इंजिन सुरेख ओढत होतं. बूस्ट ०.९ च्या वर नेला की ५,५०० आरपीएमच्या पुढे अडखळायचं, सायलेन्सरमधून फट-फट आवाज यायचा आणि ताकदीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी व्हायची. दुसरी तक्रार अगदी वेगळी होती. शेडच्या आवारात गाडी दहा मिनिटं पुढे-मागे केली की पुढच्या वेळी स्टार्ट व्हायला रडवायची, प्लग काढावेत तर काळे आणि ओले.

आम्ही या दोन्ही तक्रारी 'प्लगचा प्रॉब्लेम' या एकाच पिशवीत भरल्या. पहिली चूक इथे झाली. एकाच प्लगविषयी एक तक्रार म्हणत होती की तो दाबाखाली पेटत नाही, आणि दुसरी म्हणत होती की तो संथ चालीत तापत नाही. या दोन गोष्टींचं औषध एक असूच शकत नाही.

घाई का नको, तेही सांगतो. रोटरीत डिटोनेशनला, म्हणजे मिश्रण क्रमाने जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखं पेटण्याला, माफी नाही. अ‍ॅपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकाचा तोच सील, अवघा २ मिलिमीटर जाडीचा, एका जोरदार तडाख्यात तो तुटू शकतो, आणि मग इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही. मिस्त्री भिंगाखाली प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर चंदेरी ठिपके शोधत होते. पिस्टनच्या इंजिनात ती सवय बरोबर आहे, डिटोनेशन झालं की पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम कणाकणाने तिथे येऊन चिकटतं. पण हा रोटर बिडाचा. ठिपके दिसले नाहीत म्हणून सगळं ठीक आहे, असं इथे म्हणता येत नाही. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "मग बघायचं कशावरून?" त्या दिवशी माझ्याकडे त्याचं पुरेसं उत्तर नव्हतं.

समोरचे पर्याय

कंपनीचे सात आणि नऊ तसेच ठेवायचे, हा पहिला. स्टार्टिंगला आणि संथ चालीला सर्वांत सोयीचे. पण ते ०.७ बारसाठी ठरवलेले आहेत. १.१ बारला दर फेरीला जास्त मिश्रण जळतं, लीडिंगचं सातचं टोक वरच्या सीमेकडे सरकतं, आणि तिथे चूक झाली तर किंमत सीलने चुकवायची.

दुसरा, चारही जागी नऊचा. त्याच जातीचा प्लग, लीडिंगला दोन पायऱ्या थंड. एनजीकेच्या हिशोबाने एक पायरी म्हणजे साधारण ७० ते १०० अंशांचा फरक, तेव्हा हा बदल किरकोळ नव्हे. यात मला सर्वांत मोलाचा वाटलेला फायदा अगदी साधा आहे: चारही प्लग सारखे असले की खालचा वर आणि वरचा खाली लागण्याची भीतीच राहत नाही. रात्री अकराला ट्रॅकवर, टॉर्चच्या उजेडात प्लग बदलणाऱ्याला हे पटेल. तोटा एवढाच की संथ चालीत काजळी लवकर धरेल.

तिसरा, शर्यतीचे साडेदहाचे प्लग, चारही जागी. काकांचं मन यावर बसलं होतं. "अरे, एवढा बूस्ट चालवणारे सगळे साडेदहाच घालतात, आपणच कशाला मागे राहायचं?" त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. सलग पूर्ण जोरात पळणाऱ्या गाडीला ते योग्यच. पण ही गाडी महिन्याचे अठ्ठावीस दिवस शेडमध्ये दहा-दहा मीटर सरकते.

चौथा पर्याय मिस्त्रींचा होता, गॅप, म्हणजे इलेक्ट्रोडमधली फट, कमी करा. पिस्टनच्या टर्बो गाडीला हाच पहिला उपाय असतो आणि त्यामागचं तत्त्व पक्कं आहे. दाब वाढला की तेवढ्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं; फट कमी केली की गरज कमी होते. पण या जातीच्या प्लगात इलेक्ट्रोड मधल्या टोकाभोवती बाजूने बसवलेले असतात, पत्ती ठोकून गॅप बसवायची सोय नाही. पिस्टनच्या गाडीचे इरिडियम प्लग, आटे जुळतात म्हणून, बसवून बघायची कल्पनाही निघाली. ती मी लगेच नाकारली. नाकाची लांबी आणि उष्णतेचा हिशोब वेगळा, आणि टोक पुढे आलंच तर त्याच्या वाटेत सील आहे.

पाचवा पर्याय, इग्निशन तपासायचं, त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघालाच नाही.

काय केलं

मार्चमध्ये काकांचा भाचा जपानहून आला तो साडेदहाच्या प्लगांचा डबा घेऊन. डबा समोर असताना 'थांबा' म्हणणं मला जमलं नाही. चारही बसवले. त्याच दिवशी मी वरच्या आरपीएमला टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं मागे घेतलं. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. ट्यूनिंग करणाऱ्याने हे करू नये, मला ते ठाऊक होतं आणि तरी केलं.

डायनोवर पहिल्या दोन ओढींना, म्हणजे पूर्ण थ्रॉटलच्या चाचण्यांना, इंजिन १ बारला स्वच्छ ओढलं. काकांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्या ओढीला फट-फट परत आली, चौथीला आधीइतकीच. कारण मला नंतर उमगलं. नव्या प्लगच्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात आणि धारेवरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते. कडा जराशा बोथट झाल्या की गरज पुन्हा वाढते. कोणताही नवा प्लग असाच एखाद-दोन ओढींपुरता चांगला वाटला असता, सातचासुद्धा.

शेडमध्ये तर स्थिती आणखी बिघडली. साडेदहाचं टोक संथ चालीत स्वतःला साफ करण्याइतकं तापतच नाही. चौथ्या दिवशी इंजिन पेट्रोलने भरून बसलं. दोन प्लग साफ करूनही ठिणगी सोडेनात.

त्या रात्री मी ईसीयूच्या नोंदींचे लॉग उघडून बसलो आणि जे फेब्रुवारीतच करायला हवं होतं ते केलं. अडखळण्याचे सगळे क्षण आरपीएमऐवजी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, दाबासमोर मांडले. चित्र एकदम बदललं. ७,००० आरपीएमला ०.६ बारवर एकदाही अडखळ नव्हती. ४,००० ला डायनोने दाबून धरून १ बार केला होता, तिथे होती. म्हणजे टोकाच्या उष्णतेचा प्रश्नच नव्हता. टोक फार तापलं असतं तर त्रास सर्वांत जास्त आरपीएमला, लांब ओढीच्या शेवटी दिसला असता. हा दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न होता. आणि प्लगचा सात, नऊ, साडेदहा हा आकडा उष्णतेविषयी बोलतो, व्होल्टेजविषयी नाही.

दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर घेतला. तीन वायरी आठ-नऊ किलोओहम, मागच्या रोटरच्या लीडिंगची साठच्या वर. संध्याकाळी कामगार गेल्यावर शेडचे दिवे मालवले. मिस्त्रींनी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली, इंजिन चालू ठेवून वायरींवर नुसता फवारा उडवला आणि मी जराशी रेस दिली. मागच्या वायरीपासून लोखंडी ब्रॅकेटपर्यंत एक निळसर, केसाएवढी रेघ उठली, विझली, परत उठली. टिक, टिक असा आवाज येत होता. तिघंही काही न बोलता बघत राहिलो. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच वाटेत उतरून जात होती.

ही वायर ज्या कॉइलला जोडलेली, तिचीही रचना समजून घ्यायला हवी. या इंजिनात ट्रेलिंगला दोन स्वतंत्र कॉइल असतात, पण लीडिंगला दोन तोंडांची एकच. दोन्ही खालच्या प्लगांत एकाच वेळी ठिणगी उडते, एक कामाची आणि एक वाया. दोन्ही प्लग एकाच वाटेवर असल्याने त्यांतल्या एकात ठिणगी उलट्या दिशेने उडते, आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं. मूळ बूस्टला हे निभतं. आमच्या १ बारला, त्या थकलेल्या वायरीसकट, निभलं नाही. लीडिंग चुकला की जळण्याची सुरुवात एकट्या ट्रेलिंगवर पडते, ती उशिरा होते, आणि उरलेली आग सायलेन्सरमध्ये आणि टर्बोच्या तोंडावर जाते. तीच आमची फट-फट.

नुसत्या वायरी बदलायच्या की कॉइलही, हा पुढचा प्रश्न. वायरींचा खर्च थोडा, आणि कदाचित तेवढ्याने भागलंही असतं. काकांनी चारही प्लगना स्वतंत्र कॉइल घ्यायचं ठरवलं. मी दुजोरा दिला, कारण १.१ बारला हाताशी काही राखीव असावं. कॉइल किती मिलिसेकंद भरायची, ते आकडे कॉइलच्या तक्त्यातून घेतले, अंदाजाने नाही. पण या वेळी क्रम पाळला. आधी फक्त नव्या वायरी, जुनी कॉइल आणि नऊचे प्लग लावून १ बारची एक ओढ घेतली. अडखळ जवळपास गेली होती. मग कॉइल बदलल्या, ती पूर्ण गेली.

ओल्या प्लगांचं कारण वेगळं निघालं. या इंजिनातला तेल सोडणारा मूळ पंप काढलेला आहे, सीलच्या वंगणासाठी पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात. सील जपायचा म्हणून काका लिटरमागे १५ मिली घालत होते. ते ८ वर आणलं. मोठ्या इंजेक्टरांमुळे संथ चालीचं मिश्रण दाट राहत होतं, ते पातळ केलं. आणि आवारात गाडी हलवायची असेल तर इंजिन चालू न करता तिघांनी ढकलायची, असा नियम केला. या सगळ्यात सर्वांत जास्त गुण त्या नियमाने आला.

निकाल

चारही जागी नऊचे प्लग, नव्या कॉइल, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. एप्रिलच्या शेवटच्या डायनोफेरीला १.१ बारवर सहा ओढी, ७,५०० पर्यंत एकही अडखळ नाही. शेवटच्या ओढीच्या टोकाला थ्रॉटल आणि इग्निशन एकदम बंद केलं, इंजिन तसंच थांबू दिलं आणि चारही प्लग काढले. असं केलं तरच प्लगवर पूर्ण जोराचा रंग टिकतो. संथ चालीवर येऊन बंद केलं तर त्यावर संथ चालीचा रंग चढतो आणि बघण्यात अर्थ राहत नाही. मिस्त्रींच्या फेब्रुवारीतल्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर या रंगात होतं.

पुढचे दोन्ही प्लग फिकट बदामी. मागच्या रोटरचा खालचा मात्र पांढुरका, पोर्सेलीन खडूसारखं कोरडं, म्हणजे तिथे मिश्रण पातळ आणि टोक जास्त गरम. मागच्या रोटरला पेट्रोल ३ टक्के वाढवलं, पुन्हा एक ओढ घेतली, आणि रंग पुढच्याजवळ आला. योग्य प्लग बसल्यावर तो इंजिनाविषयी खरं बोलायला लागतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

मेमध्ये बडोद्याचा पारा चाळीसच्या वर गेल्यावर परत तपासलं. टर्बोनंतरची हवा जास्त गरम येत होती, म्हणून त्या तापमानाला टायमिंग दोन अंश मागे आणि बूस्ट १ बारपर्यंतच, असा तक्ता ईसीयूत घातला. प्लग तेच ठेवले.

कॉम्प्रेशन, म्हणजे खोल्यांत हवा किती दाबली जाते ते, मोजलं, २५० आरपीएमच्या हिशोबाने. माझदाची किमान मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो. पुढचा रोटर साडेसातच्या आसपास, मागचा सातच्या किंचित वर. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे सील शाबूत आहेत. सील तुटला असता तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या एकदम पडल्या असत्या.

वेगळं काय करता आलं असतं

मागचा रोटर पुढच्यापेक्षा अर्ध्या किलोने कमी का, हे मला सांगता येत नाही, आणि ही खंत मनातून जात नाही. फेब्रुवारीत पहिल्या ओढीच्या आधी कॉम्प्रेशन मोजलं असतं तर कळलं असतं की इंजिन आलं तेव्हापासूनच तसं होतं, की आमच्या अडखळत्या ओढींनी त्याची थोडी झीज केली. अर्ध्या तासाचं काम होतं.

वायरी मोजायला पाच मिनिटं लागली असती. बूस्ट वाढवताना ठिणगीचीही मागणी वाढते हे मला माहीत होतं, पण बोलणं सुरू झालं ते आकड्यांवरून, सात की नऊ की साडेदहा, आणि आकडा समोर आला की त्याच्याच बाजूने विचार होत गेला. पुढच्या वेळी मी प्लगचं नाव काढण्याआधी दोन प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहीन: टोक किती तापतंय, आणि ठिणगी उडतेय का.

भाच्याचा डबा आला त्या दिवशी काकांना काय सांगायला हवं होतं, याचाही मी विचार केला. नाही म्हणायची गरज नव्हती. "दोनच बसवू, फक्त मागच्या रोटरला, टायमिंगला हात न लावता," एवढं म्हटलं असतं तरी खूप कळलं असतं. अडखळ तशीच राहिली असती तर प्लगवरचा संशय त्याच दिवशी उतरला असता. काकांचा उत्साह मोडला नसता आणि दोन महागाचे प्लगही वाचले असते.

आता शेडमध्ये अंड्यांचा एक पुठ्ठ्याचा ट्रे आहे. काढलेला प्रत्येक प्लग त्यात आपापल्या खळग्यात जातो. खळग्यांवर मिस्त्रींनी मार्करने लिहिलंय: पुढचा वर, पुढचा खाली, मागचा वर, मागचा खाली. शेजारी काकांची वही, त्यात तारीख, बूस्ट, पेट्रोल, तेलाचं प्रमाण आणि रंग. साडेदहाचे दोन चांगले प्लग डब्यातच आहेत. ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पळवायची वेळ आली की ते ट्रेलिंगला घालावेत असं काकांना अजून वाटतं, आणि त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. पुढच्या सत्रात आधी नऊचेच चालवायचे, इंजिन जोरातच बंद करायचं आणि प्लग काढून ट्रेमध्ये ठेवायचे, असं ठरलंय. वरचे दोन पांढुरके निघाले तर डबा उघडायचा.